मेंढीचा खुराक : दाणा भरडावा की अख्खा द्यावा?

बकरी ईद दोन-अडीच महिन्यांवर आली, की अहिल्यानगर, सोलापूर, सांगली भागांतील बंदिस्त मेंढीपालकांच्या घरी मक्याची पोती येऊन पडतात. नर कोकरांच्या अंगावर थोड्या दिवसांत मांस चढवायचे असते. पुढची पायरी ठरलेली. पोते मोटारसायकलवर टाकायचे, गिरणीत न्यायचे आणि मक्याचा भरडा करून आणायचा. गाई-म्हशींना भरडाच लागतो, मग मेंढीला तो का नको, असा सरळ विचार त्यामागे असतो. मात्र मेंढीच्या पचनाविषयी गेल्या पन्नास वर्षांत जे संशोधन झाले, त्याचा कौल याच्या उलट आहे. मका, गहू, जव यांसारखा टपोरा दाणा प्रौढ मेंढी अख्खाच उत्तम पचवते. तो बारीक दळून दिल्याने पचनात म्हणण्यासारखी भर पडत नाही. कोठीपोट बिघडण्याचा धोका मात्र वाढतो. दळणाचे पैसे जातात ते वेगळेच.

२०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. त्यांतील बहुतेक दख्खनी जातीच्या असून वर्षाचा मोठा काळ त्या रानोमाळ चरूनच पोट भरतात. त्यांना दाणा मिळतो तो क्वचित, गाभणकाळात किंवा विल्यानंतर मूठ-दोन मुठी. परंतु चराऊ राने आक्रसत चालली, तसा बंदिस्त आणि अर्धबंदिस्त पालनाकडे ओढा वाढला आणि त्याबरोबर दाण्याचा वापरही. ज्या जनावराचा जबडा आणि पोट शेकडो पिढ्या कोरड्या गवतावर घडले, त्याच्यापुढे आपण स्टार्चचा ढीग ठेवत आहोत, याचे भान म्हणूनच ठेवायला हवे.

दाणा पोटात गेल्यावर

मेंढीच्या पोटाचे चार कप्पे असतात. कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. पैकी कोठीपोट हा सर्वांत मोठा कप्पा. तेथे अब्जावधी जिवाणू आणि इतर सूक्ष्मजीव राहतात. चारा आणि दाणा आधी ते खातात, आंबवतात आणि त्यातून ॲसेटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक ही आम्ले तयार होतात. ही आम्ले कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात शोषली जातात आणि मेंढीला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा त्यांतूनच येतो. म्हणजे आपण मेंढीला खाऊ घालतो असे म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात तिच्या पोटातील या वसाहतीला खाऊ घालत असतो.

या वसाहतीचे स्वास्थ्य सामूवर, म्हणजे आम्लता मोजण्याच्या आकड्यावर अवलंबून असते. हा आकडा जितका खाली, तितके आम्ल जास्त. सामू सहा ते सातच्या दरम्यान असला, की सारे सुरळीत चालते. तो सहाच्या खाली घसरू लागला, की कडब्यातील तंतू पचवणारे जिवाणू आधी मंदावतात. साडेपाचच्या खाली तो रेंगाळला तर कोठीपोटाच्या आतील अस्तराला इजा होते. पाचच्याही खाली गेला, की तंतू पचवणाऱ्यांची जागा लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू घेतात आणि जनावराच्या जिवावर बेतते.

सामू टिकवण्याचे काम करते ती लाळ. मेंढीच्या तोंडात दिवसाकाठी दहा लिटरच्या आसपास लाळ तयार होते आणि तिच्यात नैसर्गिक सोडा असतो. ही लाळ सर्वाधिक सुटते ती चावताना आणि रवंथ करताना. म्हणून जो दाणा चावावा लागतो, तो स्वतःच्या आम्लावरचा उतारा स्वतःबरोबर घेऊन येतो. दळलेल्या दाण्याचे तसे नाही. तो चावावा लागत नाही, चटकन गिळला जातो आणि कोठीपोटात पोचताच त्याच्या असंख्य उघड्या कणांवर जिवाणू तुटून पडतात. जे आम्ल बारा तासांत सावकाश तयार व्हायचे, ते तीन-चार तासांत उसळते.

अख्ख्या दाण्याचे टरफल हे जिवाणूंच्या दृष्टीने बंद दार असते. ते फोडल्याखेरीज आतील स्टार्च त्यांच्या हाती लागत नाही. मेंढी खाताना काही दाणे दाढांखाली फोडते, उरलेले रवंथ करताना. त्यामुळे स्टार्च टप्प्याटप्प्याने मोकळा होतो. गिरणी जे काम एका दमात करते, तेच काम मेंढीच्या दाढा दिवसभर करतात, आणि हा संथपणाच तिच्या फायद्याचा असतो.

ॲबर्डीनमधील प्रयोग

या विषयातील पायाभूत काम स्कॉटलंडमधील ॲबर्डीन शहराजवळच्या रॉवेट संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात झाले. मूळचे डेन्मार्कचे असलेले पशुआहारतज्ज्ञ रॉबर्ट ऑर्स्कोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे एक व्यावहारिक अडचण होती. लवकर दूध तोडलेल्या कोकरांना जवाच्या खुराकावर झटपट वाढवण्याची पद्धत त्या वेळी ब्रिटनमध्ये रुजत होती. कोकरे वाढत होती. पण त्यांच्या कातडीखालची चरबी मऊ, तेलकट निघत होती. घट्ट, पांढऱ्या चरबीची सवय असलेल्या बाजारात असा माल कमी प्रतीचा ठरतो.

जव, मका, ओट आणि गहू ही चार धान्ये काही कोकरांना अख्खी आणि काहींना दळून, गोळी करून देण्यात आली. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचे आकडे बोलके आहेत. अख्खा जव खाणाऱ्या कोकरांच्या कोठीपोटातील सामू ६.४ च्या आसपास होता, तर दळून गोळी केलेला जव खाणाऱ्यांचा ५.४. वाचकांना हा फरक एकाच आकड्याचा वाटेल. पण सामूच्या मोजपट्टीवर एक आकडा खाली जाणे म्हणजे आम्लता दहापट होणे. एकूण आम्लांमध्ये प्रोपिओनिक आम्लाचा वाटा अख्ख्या जवावर ३० टक्के, तर दळलेल्या जवावर ४५ टक्के भरला. मऊ चरबीचे कोडे येथेच उलगडले. गरजेपेक्षा जास्त प्रोपिओनिक आम्ल यकृताला पुरते वापरता येत नाही आणि ते वेगळ्या घडणीच्या, लवकर वितळणाऱ्या स्निग्धाम्लांच्या रूपाने चरबीत जाऊन बसते. दाणा अख्खा देऊ लागताच चरबी घट्ट निघू लागली. कोठीपोटाच्या अस्तराची सूजही दिसेनाशी झाली.

आणि पचन? ते जवळपास तेवढेच राहिले. वजनवाढ आणि एक किलो वजनासाठी लागणारा खुराक यांतही अख्ख्या जवाने मार खाल्ला नाही. दळण्यासाठी केलेला सारा खर्च म्हणजे जनावराकडे फुकट असलेल्या जात्याला पर्याय विकत घेणे होते, इतकाच त्याचा अर्थ. त्यानंतर ब्रिटनमधील अनेक मेंढीपालकांनी अख्खा जव आणि त्यासोबत प्रथिनांची गोळीपेंड अशी साधी पद्धत स्वीकारली.

ऑस्ट्रेलियातील मेंढपाळांचा अनुभवही हेच सांगतो. तेथे दुष्काळात हजारो मेंढ्यांचे कळप धान्यावर जगवावे लागतात. गहू, जव, ओट हे धान्य अख्खेच जमिनीवर लांबलचक ओळीत सोडले जाते आणि मेंढ्या ते वेचून खातात. मेंढीसाठी धान्य भरडण्याची गरज नाही, हा तेथील शासकीय सल्ल्याचा नेहमीचा भाग आहे.

गाईचा नियम मेंढीला का लागू नाही?

आपल्याकडील गोंधळाचे मूळ येथे आहे. पशुआहाराची माहिती बहुतांशी दुभत्या गाई-म्हशींसाठी लिहिली जाते आणि तीच मेंढी-शेळीला चिकटवली जाते. गाईच्या बाबतीत भरडा करण्याचा सल्ला अगदी बरोबर आहे. गाय दाणा अर्धवट चावून गिळते. तिच्या जाळीपोटातून पुढे जाण्याची वाट इतकी मोठी असते, की न फुटलेला मका किंवा गहू सहज निसटून शेणातून बाहेर पडतो. अख्खा मका खाऊ घातलेल्या गाईचे शेण कोंबड्या का उकरतात, हे कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

ज्वारीच्या दाण्यात तर स्टार्चच्या कणांभोवती प्रथिनांचे चिवट आवरण असते. अमेरिकेतील प्रयोगांचा एक आढावा १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यानुसार गुरांमध्ये नुसत्या भरडलेल्या ज्वारीतील स्टार्च सुमारे ८७ टक्के पचला, तर वाफवून चपट्या केलेल्या ज्वारीतील ९८ टक्के. गुरांना दाण्यावर प्रक्रिया करून देण्यात असा घसघशीत फायदा असतो.

मेंढीची गोष्ट निराळी. तिचे तोंड लहान, दाढांचा घास बारीक. तिच्या कोठीपोटातून पुढे सरकण्यासाठी अन्नाचा कण साधारण एक मिलिमीटरपर्यंत बारीक व्हावा लागतो. त्याहून मोठे कण बहुतांशी अडवले जातात आणि रवंथीसाठी परत तोंडात येतात. मक्याचा अख्खा दाणा या चाळणीतून निसटणे कठीणच. गाईच्या गोठ्यातील पाटी उचलून मेंढीच्या वाड्यात ठेवू नये, ती याचसाठी.

कडबा वाया जातो तो असा

महाराष्ट्रातील मेंढीपालकाच्या दृष्टीने खरा कळीचा मुद्दा पुढेच आहे. आपल्याकडे दाणा हा पूरक आहार असतो. मुख्य आहार कडबा, भुसा, वाळलेले गवत, शेंगांची टरफले. दाणा द्यायचा तो हा निकृष्ट चारा नीट पचावा आणि कमी पडलेली ऊर्जा भरून निघावी म्हणून. पण दाण्याने कोठीपोटातील सामूच खाली आणला, तर तंतू पचवणारे जिवाणू मंदावतात, चारा पोटात जास्त काळ पडून राहतो, पोट भरलेले वाटते आणि मेंढी चारा कमी खाते. दाणा दिला खरा, पण त्याने कडब्याची जागा घेतली. भर पडलीच नाही.

ऑर्स्कोव्ह यांच्याच गटाने १९७५ मध्ये हा परिणाम मोजला होता. वाळलेल्या गवतासोबत अख्खा जव दिल्यास गवत खाण्याचे प्रमाण घटले, पण दळून गोळी केलेला जव दिल्यावर ते त्याहून बरेच अधिक घटले. ज्या घरात कडब्याची गंज मोजून उन्हाळा काढायचा असतो, तेथे एक पेंढी पचून अंगी लागणे आणि न पचता लेंडीत जाणे यातील अंतर लहान नाही.

येथे एक पुस्ती जोडणे आवश्यक आहे. दाणा दळू नये, याचा अर्थ कडबा कापू नये असा नाही. कुट्टी केल्याने नासाडी थांबते आणि मेंढ्या बुंध्याकडील जाड भागही खातात. मात्र कडब्याचे पीठ केले, तर तो कोठीपोटातून इतक्या वेगाने पुढे जातो, की तंतू पचायला वेळच मिळत नाही. मेंढी खाते जास्त, पचवते कमी आणि रवंथ घटल्याने लाळही घटते. चारा आणि दाणा एकत्र दळून केलेल्या संपूर्ण आहाराच्या गोळ्या वापरणाऱ्यांनी म्हणूनच सोबत थोडा तरी लांब चारा ठेवावा.

पंगतीतील भात

दाण्यावरील प्रक्रिया म्हटले, की गिरणी डोळ्यांसमोर येते. परंतु सर्वांत घातक प्रक्रिया चुलीवर होते. शिजवल्याने स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात, फुटतात आणि जिवाणूंना पूर्णपणे मोकळे होतात. लग्नसराईत उरलेला भात, पोळ्या, बुंदी मांडवामागे टाकली जाते आणि मेंढ्या-शेळ्या त्यावर ताव मारतात. दुसऱ्या दिवशी दावणीला जनावर मरून पडलेले दिसते. अन्न फेकून देण्यापेक्षा मुक्या जनावराच्या तोंडी लागावे, ही भावना चांगली आहे. पण मेंढीसाठी ते विषासमान ठरू शकते. अन्न विटलेले असावे, असा तर्क मग घरोघरी केला जातो. खरे कारण बहुधा ताज्या भातातही तेवढेच हजर असते.

लक्षणे ओळखणे अवघड नाही. भरपूर दाणा किंवा शिजलेले अन्न खाल्ल्यानंतर बारा ते छत्तीस तासांत मेंढी खाणे आणि रवंथ थांबवते, मान खाली घालून उभी राहते, डावी कूस तट्ट होते आणि हात लावला असता आत पाणी हिंदकळल्यासारखे वाटते. पातळ, आंबूस वासाची हगवण लागते, चाल अडखळते. कोठीपोटातील आम्ल शरीरातील पाणी आत ओढून घेते, त्यामुळे डोळे खोल जातात. अशा वेळी दाणा तत्काळ बंद करून पशुवैद्यकांना बोलवावे. पाण्यातून खाण्याचा सोडा पाजणे हा प्रचलित प्रथमोपचार आहे. मात्र मात्रा त्यांना विचारूनच ठरवावी आणि आडव्या पडलेल्या जनावराला बळेच काही पाजू नये, ते फुप्फुसात जाते.

फिरत्या कळपांनाही यातून सुटका नाही. सुगीनंतर खत बसवण्यासाठी मेंढ्या शेतात उतरतात, तेव्हा मळणीच्या जागी सांडलेली रास किंवा पडलेली कणसे भुकेल्या कळपाच्या तोंडी लागतात. तेथे दाणा अख्खाच असतो, तरीही जनावरे दगावतात. अख्खा दाणा धोका कमी करतो, नाहीसा करत नाही. अचानक आणि बेसुमार खाल्लेला कोणताही दाणा घातकच.

ज्वारी, बाजरी आणि काही अपवाद

आतापर्यंत जे सांगितले ते टपोऱ्या दाण्याविषयी. ज्वारी आणि विशेषतः बाजरी यांचा दाणा बारीक व कठीण. तो दाढांच्या कचाट्यातून सुटण्याची आणि चाळणीतून निसटण्याची शक्यता जास्त. हे धान्य अधिक प्रमाणात द्यायचे असल्यास जाडसर भरडून द्यावे. येथे ‘जाडसर’ हा शब्द महत्त्वाचा. दाण्याचे दोन-तीन तुकडे झाले तरी पुरे. बोटांना पीठ लागता कामा नये.

आपल्या कळपापुरता निर्णय घेण्याची एक घरगुती रीत आहे. दाणा सुरू करून आठवडा झाल्यावर चार-पाच मेंढ्यांच्या मूठभर ताज्या लेंड्या घ्याव्यात, पाण्यात चुरगळाव्यात आणि पिठाच्या चाळणीतून गाळाव्यात. चाळणीत क्वचित एखादा दाणा सापडला, तर गिरणीची वाट विसरावी. दाणे भरपूर दिसले, तर भरडण्याचा विचार करावा. दोन मिनिटांचे काम आहे, पण ते करताना कोणी आढळत नाही.

दुसरा अपवाद वयाचा. अगदी लहान कोकरांच्या दाढा पुरत्या आलेल्या नसतात आणि कोठीपोटही घडत असते. पहिले पाच-सहा आठवडे त्यांना आईपासून वेगळ्या जागी मोडलेला किंवा जाड भरडलेला दाणा ठेवावा. त्यानंतर हळूहळू अख्ख्यावर आणावे. तिसरा अपवाद म्हाताऱ्या मेंढ्यांचा. बाजारात मेंढीचे वय पुढच्या दातांवरून पाहतात, पण दाणा फोडायच्या त्या मागच्या दाढा. पुढचे दात पडलेल्या मेंढीच्या दाढाही झिजलेल्या असण्याचा संभव असतो. चारा अर्धवट चावून तोंडातून गोळे टाकणारी मेंढी दिसली, तर तिच्यापुरता भरडा वेगळा काढावा.

धान्याधान्यातही फरक आहे. गव्हाचा स्टार्च सर्वांत जलद आंबतो, जव त्याच्या मागोमाग, मका त्याहून संथ आणि ज्वारी सर्वांत संथ. गव्हाचे पीठ किंवा बारीक भरडा मेंढीला देणे म्हणूनच सर्वांत जोखमीचे. स्वस्तात मिळालेला किंवा भिजलेला गहू खपवण्याची जागा मेंढीचा वाडा नव्हे.

सवय, मिश्रण आणि साठवण

दाणा कोणत्याही रूपात असो, तो सावकाश वाढवावा. सुरुवात दर मेंढी ५० ग्रॅमने करावी आणि दोन ते तीन आठवड्यांत इष्ट प्रमाणापर्यंत पोचावे. लॅक्टिक आम्ल वापरून टाकणारे जिवाणूही कोठीपोटात असतात. त्यांची संख्या वाढायला हा अवधी लागतो. चरून येणाऱ्या प्रौढ मेंढीला साधारण २५० ग्रॅम खुराक पुरेसा होतो. रिकाम्या पोटी दाणा देऊ नये; आधी चारा, मग दाणा. गव्हाणीची लांबी एवढी असावी, की सर्व मेंढ्यांना एका वेळी तोंड घालता येईल. अन्यथा दांडगी मेंढी तिघींचा वाटा खाते आणि मरतेही तीच.

अख्ख्या दाण्याची एक अडचण मान्य करायला हवी. पेंडीचा चुरा, क्षार मिश्रण आणि मीठ त्यात मिसळत नाही, तळाशी बसते. मेंढ्या दाणे वेचून खातात आणि क्षार गव्हाणीत तसेच राहतात. गुळाच्या पाण्याचा हलका हबका मारून मिश्रण केल्यास ते दाण्याला चिकटते. पेंड गोळीच्या रूपात घेतली तर प्रश्नच उरत नाही.

साठवणीच्या दृष्टीने अख्खा दाणा केव्हाही उजवा. टरफल फुटले, की दाण्याला हवा आणि ओल लागते. पावसाळ्यात भरड्याला आठ-पंधरा दिवसांत कोंदट वास येऊ लागतो, पोरकिडे होतात आणि बुरशी धरली तर तिचे विष जनावराच्या यकृतावर जाते. भरडा करायचाच असेल, तर आठवड्यापुरताच करावा.

नर कोकरांना दाण्यावर वाढवणाऱ्यांनी मूतखड्याकडेही लक्ष द्यावे. धान्यात स्फुरद भरपूर आणि चुना फार कमी असतो. खुराकात शंभर किलोमागे एक ते दीड किलो चुनखडीची भुकटी, थोडे मीठ आणि दिवसभर स्वच्छ पाणी, इतकी तजवीज असली तरी बराच धोका टळतो. आणि दाणा सुरू करण्यापूर्वी आंत्रविषाराची लस टोचलेली असावी. आपल्याकडे ती पावसाळ्यापूर्वी, कोवळे गवत फुटण्याआधी देतात. मात्र न पचलेला स्टार्च आतड्यात पोचला, की हेच जंतू ऐन हिवाळ्यातही विष तयार करतात आणि कळपातील सर्वांत धष्टपुष्ट कोकरू आधी जाते. ईदसाठी नर बांधणाऱ्यांनी म्हणून लसीची तारीख खुराक सुरू होण्याच्या किमान पंधरा दिवस आधीची धरावी.